माल कोणाच्या शेतातला? न्यूयॉर्कच्या ग्रीनमार्केटचं प्रकरण

शहराच्या मध्यवस्तीत शेतकऱ्यांचा बाजार भरवायचा म्हटलं की आपल्याकडे चर्चा मंडपापासून सुरू होते. जागा कुठली, गाळे किती, उद्घाटनाला कोण, बॅनर केवढा. न्यूयॉर्कमध्ये १९७६ च्या उन्हाळ्यात सुरू झालेलं आणि आजही भरणारं ग्रीनमार्केट बघण्यासारखं आहे ते वेगळ्या कारणासाठी. गाळ्यावर बसलेल्याने हा माल स्वतः पिकवलाय का, या एकाच प्रश्नाला तिथले चालक पहिल्यापासून धरून बसले. बाकीचं सगळं त्यामागून आलं, काही सुरळीत, काही रडतखडत.

तेव्हाचं शहर

१९७५ मध्ये न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. पगाराला पैसे नव्हते म्हणून पोलीस आणि अग्निशमन दलातल्या माणसांनाही घरी बसवलं गेलं होतं. मध्यवस्तीतली दुकानं बंद पडत होती, पैसेवाली कुटुंबं उपनगरांत निघून गेली होती. अशा शहरात नवीन उपक्रमाला सरकारी पैसा मिळणं शक्यच नव्हतं.

शहराबाहेर, हडसन नदीच्या खोऱ्यात आणि पलीकडे न्यू जर्सीत, वेगळीच रड चालू होती. शहरातला जुना घाऊक बाजार मोडून भाजीपाल्याचा व्यापार १९६७ मध्ये ब्राँक्समधल्या हंट्स पॉइंटला गेला होता. तिथल्या व्यापाऱ्यांना आणि सुपरमार्केटच्या खरेदीदारांना बारमाही, एकसारखा, ट्रकच्या ट्रक माल हवा असे, आणि तो कॅलिफोर्नियातून येत असे. शंभरेक किलोमीटरवरच्या लहान बागायतदाराला त्या साखळीत जागा नव्हती. त्याच्या जमिनीला मात्र घरं बांधणाऱ्यांकडून चांगला भाव होता. म्हणजे एका बाजूला जमिनी विकणारे शेतकरी आणि दुसऱ्या बाजूला धड टोमॅटो मिळत नाही म्हणून कुरकुरणारे लाखो शहरवासी, आणि मध्ये फक्त दोन तासांचा रस्ता.

बॅरी बेनेपी हे वास्तुविशारद आणि नगररचनाकार. मेरीलँडमध्ये त्यांच्या घरची शेती होती, त्यामुळे भाव पडल्यावर शेतकऱ्याच्या घरात काय होतं हे त्यांना ऐकून माहीत नव्हतं, पाहून माहीत होतं. बॉब लुइस हे त्यांचे सहकारी, तेही नियोजनातलेच. या दोघांनी बाजाराकडे बघितलं ते नगररचनाकाराच्या नजरेने. शेती वाचवायची तर शेतकऱ्याच्या हातात पडणारा पैसा वाढला पाहिजे, आणि मोकळ्या पडलेल्या चौकात माणसं आणायची तर तिथे येण्याजोगं काहीतरी असलं पाहिजे. दोन्ही दुखण्यांवर त्यांना एकच औषध दिसलं.

परवानगी आणि पहिली जागा

स्वतःच्या नावावर बाजार काढण्याऐवजी त्यांनी एका संस्थेची छत्री घेतली. १९७० मध्ये स्थापन झालेली शहराची पर्यावरण परिषद महापौरांच्या कार्यालयाशी जोडलेली होती, पण तिचा खर्च खासगी देणग्यांवर चाले. आज हीच संस्था ग्रोएनवायसी या नावाने ओळखली जाते. या व्यवस्थेचे दोन फायदे झाले. देणगी घ्यायला अधिकृत खातं मिळालं, आणि परवानगीसाठी वेगवेगळ्या खात्यांत जाताना हातात महापौर कार्यालयाचा धागा राहिला. नगरपालिकेत एकदा तरी फाइल फिरवलेल्या माणसाला या दुसऱ्या फायद्याचं मोल समजावून सांगायला नको.

परवानगीचा प्रश्न तिथे आपल्याइतकाच किचकट होता. एकेकाळी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हातगाड्यांची रेलचेल होती. १९३० च्या दशकात महापौर ला गार्डिया यांनी स्वच्छता आणि शिस्तीच्या नावाखाली त्या हटवल्या आणि विक्रेत्यांना बंदिस्त मंडयांमध्ये नेऊन बसवलं. तेव्हापासून उघड्यावर भाजी विकणं ही मागासलेली गोष्ट, असंच प्रशासनाच्या डोक्यात होतं. चाळीस वर्षांनी रस्त्यावरच्याच बाजारासाठी परवानगी मागणं म्हणजे त्या विचाराला उलटं फिरवणं होतं. शिवाय आसपासचे भाजीवाले आणि किराणा दुकानदार होतेच. भाडं आम्ही भरायचं, कर आम्ही भरायचा, आणि हे आठवड्यातून एकदा येऊन गल्ला भरून जाणार, ही तक्रार जगात कुठेही ऐकायला मिळेल. ती खोटीही नसते.

पहिली जागा मिळाली ती दुसरा ॲव्हेन्यू आणि ५९ वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर, क्वीन्सबरो पुलाजवळ, शहराच्या मालकीच्या मोकळ्या भूखंडावर. शनिवार, १७ जुलै १९७६ रोजी तिथे सात शेतकरी आपापले ट्रक घेऊन आले. फक्त सात. गर्दी एवढी लोटली की दुपारपर्यंत बहुतेक माल संपला, असं सांगतात.

तारीख नीट बघा. जुलैचा मध्य म्हणजे त्या भागात मका, टोमॅटो, पीच एकदम येण्याचे दिवस. हाच बाजार एप्रिलमध्ये उघडला असता तर सात जणांच्या टेबलांवर मिळून मूठभर पालेभाजी आणि गेल्या वर्षीची सफरचंदं दिसली असती. पहिल्या दिवशी रिकामा दिसलेला बाजार लोक दुसऱ्यांदा बघायला येत नाहीत. आपल्याकडे उद्घाटनाच्या तारखा पाहुण्यांच्या सोयीने ठरतात, पिकाच्या नाही. त्याची किंमत पुढे दोन-तीन आठवडे शेतकरी मोजतो.

युनियन स्क्वेअर

त्याच वर्षी बाजार युनियन स्क्वेअरला पोहोचला आणि पुढे ग्रीनमार्केटची ओळखच ती जागा झाली. आज तिथले फोटो बघणाऱ्याला वाटेल, एवढी मोक्याची जागा मिळाल्यावर बाजार चालणारच. तेव्हा तसं अजिबात नव्हतं. चौकाच्या कडेचं एस. क्लाइन हे मोठं दुकान १९७५ मध्ये बंद पडलं होतं. बागेत गर्दुल्ल्यांचा आणि त्यांना माल पुरवणाऱ्यांचा वावर होता, आणि सरळमार्गी माणूस तिथून वळसा घालून जाई.

तरीही नियोजनाच्या दृष्टीने जागेत दम होता. खाली भुयारी रेल्वेचं मोठं अदलाबदलीचं स्थानक, त्यामुळे रोज हजारो माणसांचे पाय तिथे पडणारच. चौकाच्या उत्तरेला गाड्या लावण्याची मोकळी फरसबंद पट्टी, जिथे ट्रक मागे आणि टेबल पुढे अशी मांडणी सहज बसे. आजूबाजूला कचेऱ्याही आणि राहती घरंही, म्हणजे कामाच्या दिवशी एक गिऱ्हाईक, शनिवारी दुसरं. सुंदर पण आडवाटेच्या बागेपेक्षा बकाल पण वर्दळीचा चौक बाजाराला कधीही चांगला, हे मत मी या प्रकरणावरून बनवलं आहे.

बाजारामुळे युनियन स्क्वेअर सुधारला, हे वाक्य सगळीकडे सापडतं. ते अर्धं खरं आहे. १९८४ मध्ये तिथल्या मालमत्ताधारकांनी स्वतःवर जादा आकारणी लावून घेऊन सफाई आणि सुरक्षेसाठी मंडळ स्थापन केलं; न्यूयॉर्क राज्यातलं ते तशा प्रकारचं पहिलं. त्याच दशकात महापालिकेने बागेचं नूतनीकरण केलं. एस. क्लाइनच्या जागेवर १९८७ मध्ये झेकेनडॉर्फ टॉवर्स उभे राहिले. डॅनी मेयर यांनी १९८५ मध्ये जवळच्या गल्लीत युनियन स्क्वेअर कॅफे काढलं, आणि ताज्या मालाचा बाजार हाकेच्या अंतरावर असणं हे ती जागा निवडण्याचं एक कारण होतं. पाठोपाठ शहरातले बरेच बल्लवाचार्य सकाळी सकाळी तिथे हिंडू लागले. मंडळ, बाग, इमारती यांचा वाटा बाजाराच्या वाट्याहून कमी नाही. पण या सगळ्यांच्या आधी जवळजवळ आठ वर्षं, काहीच घडत नसताना, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी तिथे ट्रक येऊन उभे राहत होते, हेही तितकंच खरं.

सगळा बाजार ज्यावर उभा आहे तो नियम

ग्रीनमार्केटमध्ये विकायचं तर विकणाऱ्याने ते स्वतः पिकवलेलं, पाळलेलं, पकडलेलं किंवा बनवलेलं असलं पाहिजे. घाऊक बाजारातून आणलेला माल चालत नाही. शेजाऱ्याचा चालत नाही. कोळी येतो तो स्वतःच्या होडीची मासळी घेऊन येतो. पावभट्टीवाल्यांच्या बाबतीत हा नियम लावायचा कसा, यावर बराच खल झाला, कारण गहू तर ते पिकवत नाहीत. शेवटी २०१० मध्ये त्यांच्या पिठात किमान १५ टक्के पीठ आसपासच्या प्रदेशातल्या धान्याचं असलंच पाहिजे, अशी अट आली. त्या अटीमुळे न्यूयॉर्क राज्यात गहू आणि राय हे धान्य पेरणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळालं. नियमातून पीक उगवण्याचा हा प्रकार मला फार आवडतो.

अंतराचीही मर्यादा आहे. शहरापासून दक्षिणेला १२० मैल, पूर्व-पश्चिमेला १७० मैल आणि उत्तरेला २५० मैल, म्हणजे साधारण १९०, २७५ आणि ४०० किलोमीटर. नकाशावर हे वर्तुळ होत नाही, उत्तरेकडे ओढलेलं अंडं होतं. मुंबईवरून तेच सर्वात लांबचं अंतर टाकलं तर आपण जळगावच्या आसपास पोहोचतो. त्यामुळे ‘स्थानिक’ या शब्दाला तिथे आकडा आहे, आणि आकडा असला की वाद मिटतो.

नियम लिहिणं सोपं आहे. तो पाळला जातो कसा, ते बघण्यासारखं. दर हंगामाआधी शेतकरी पीक आराखडा देतो: कोणतं पीक, किती क्षेत्रात, काय काय विकायला आणणार. त्या कागदावर बाजार थांबत नाही. संस्थेचा तपासनीस शेतावर जातो. हातात तोच आराखडा असतो. तो बांधावर उभा राहून चहा घेऊन परतत नाही, ओळींमधून चालतो. मका एवढ्या क्षेत्रात लिहिलाय, तर ताटं कुठायत? काढून झाली असतील तर धसकटं कुठायत? काचघरात काय आहे? शीतगृहात ठेवलेल्या खोक्यांवर कोणाचा शिक्का आहे? मिरचीच्या झाडांची संख्या आणि शनिवारी टेबलावर दिसलेली मिरची यांचा मेळ बसतो का? दुसरी नजर बाजारात असते. तिथला व्यवस्थापक रोज टेबलांवरचा माल बघतो, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात कोणाकडे टपोरे टोमॅटो दिसले की विचारतो, बाबा, काचघर कधी बांधलंस? मेळ बसला नाही तर लेखी समज, दंड, काही काळ बंदी आणि शेवटी गाळा रद्द, अशी पायऱ्या-पायऱ्यांची शिक्षा आहे.

चोरी पकडण्याच्या कामी बाकीचे शेतकरीही येतात, आणि यात त्यांचा स्वार्थ आहे. शेजारच्या टेबलावर हंट्स पॉइंटची स्वस्त ढोबळी मिरची आली की खऱ्या मिरचीवाल्याचा भाव पडतो. नियम सल्लागार समितीसमोर जातात; त्या समितीत शेतकरी आणि ग्राहक दोघेही बसतात. नुसत्या शेतकऱ्यांची समिती असती तर जुन्यांनी नव्यांना दारातच अडवलं असतं, आणि नुसत्या ग्राहकांची असती तर डिसेंबरात स्ट्रॉबेरी मागितली असती.

रोजचं चालवणं

युनियन स्क्वेअरचा बाजार आता सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असा चार दिवस, बारा महिने भरतो. ऐन हंगामात तिथे १४० पर्यंत उत्पादक येतात. शहरात इतरत्र भरणारे ग्रीनमार्केटचे बरेचसे बाजार मात्र हंगामी, उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरपर्यंत आणि आठवड्यातून एकदाच. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. हिवाळ्यात सफरचंद, बटाटे, कंदमुळं, चीज, मांस आणि काचघरातला पाला एवढंच उरतं. मोठ्या चौकात तेवढ्यावर निभतं. लहान वस्तीत तीन टेबलांचा बाजार थंडीत कुडकुडत चालवण्यापेक्षा तो बंद करून पुढच्या वर्षी स्ट्रॉबेरीच्या तोंडावर उघडलेला बरा.

टेबल, तंबू, तराजू, ट्रक, मदतीची माणसं, सगळं शेतकऱ्याचं. संस्था देते ती जागा, परवाना, व्यवस्थापक आणि शिस्त. तंबूला वजनं बांधलेली असावी लागतात, कारण उंच इमारतींमधून येणारा वारा तंबू उडवतो. भावाची पाटी लावावी लागते. गाळ्याचं शुल्क जागेच्या मापावर आणि दिवसावर असतं, विक्रीच्या टक्क्यावर नाही. आपल्या अडतीच्या सवयीपुढे हे वेगळं वाटतं, पण टक्केवारी लावली की गल्ला लपवणं आणि तो शोधणं असा नवाच धंदा सुरू होतो. या शुल्कातूनच व्यवस्थापकांचे आणि तपासनिसांचे पगार निघतात, आणि मोठ्या बाजाराच्या जिवावर गरीब वस्तीतले लहान बाजार तग धरतात.

गरीब वस्तीचा विषय निघालाच आहे तर या प्रकरणातला सर्वात शिकण्यासारखा गोंधळ सांगायला हवा. अमेरिकेत गरीब कुटुंबांना अन्नासाठी सरकारी मदत मिळते. पूर्वी ती कागदी कुपनांच्या रूपात मिळे, आणि ती कुपनं शेतकरी बाजारात सहज चालत. १९९० च्या दशकाच्या शेवटी सरकारने कुपनं बंद करून कार्ड आणलं. हेतू चांगला होता. पण कार्डाला यंत्र हवं, यंत्राला वीज आणि फोनची तार हवी, आणि उघड्यावरच्या टेबलाला दोन्ही नाही. बघता बघता गरीब गिऱ्हाईक या बाजारातून गळालं. कोणी हाकललं नव्हतं, बाजाराने नियम बदलला नव्हता, तरीही. २००५ च्या सुमारास बिनतारी यंत्रं आली तेव्हा तोडगा निघाला. प्रत्येक शेतकऱ्याला यंत्र देण्याऐवजी बाजाराच्या एका टेबलावर यंत्र ठेवायचं, गिऱ्हाइकाने तिथे कार्ड घासायचं, तेवढ्या रकमेची टोकन घ्यायची आणि कुठल्याही गाळ्यावर चालवायची. दिवसअखेर शेतकरी टोकन मोजून देतो, संस्था त्याचे पैसे चुकते करते. जोडीला शहराच्या आरोग्य खात्याने सवलतीची कुपनं काढली: सुरुवातीला कार्डावर पाच डॉलर खर्च केले की भाजी-फळांसाठी दोन डॉलर जादा मिळत. आज आपण क्यूआर कोडच्या पाट्या लावून मोकळे होतो, तेव्हा ज्याच्याकडे साधा फोन आहे ते गिऱ्हाईक कुठल्या टेबलावर जाणार, हे एकदा विचारून बघावं.

आपल्याकडे काय लागू पडतं

महाराष्ट्रात जुलै २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त झाला. त्याच वर्षी पणन मंडळामार्फत संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू झालं, आणि ऑगस्टमध्ये थेट विधानभवनाच्या आवारात बाजार भरला. पुण्या-मुंबईच्या वसाहतींमध्ये असे बाजार आजही दिसतात. काही उत्तम चालतात. काहींमध्ये मात्र ‘शेतकरी ते ग्राहक’ अशा पाटीखाली एकाच टेबलावर हिमाचलचं सफरचंद, नाशिकची द्राक्षं आणि किवी शेजारी शेजारी बसलेली असतात, आणि कोणी काही विचारत नाही.

याचा दोष विक्रेत्याच्या दानतीवर ढकलून भागत नाही. न्यूयॉर्कला येणारा शेतकरी स्वतःच्या ट्रकमध्ये वीस-पंचवीस प्रकारचा माल भरून आणतो, कारण त्याची जमीन आणि पीकरचना तशी आहे. आपल्या दोन एकरवाल्याकडे एका वेळी एक, फार तर दोन पिकं असतात. दोनशे जुड्या कोथिंबीर घेऊन तो शनिवारी कोथरूडला आला तर टेम्पोचं भाडंही सुटणार नाही. म्हणून गट करावा लागतो, शेतकरी उत्पादक कंपनी करावी लागते, आणि गटाच्या नावाखाली टेबलावर कोणीतरी दुसराच बसतो. एकट्या उत्पादकाचा तिथला नियम इथे जसाच्या तसा लावला तर बाजार पहिल्याच महिन्यात मोडेल. नियम गटाला लावावा लागेल: गटाचे सभासद कोण, कोणाच्या शेतात या हंगामात काय आहे, आणि टेबलावरची प्रत्येक वस्तू त्यातल्या कोणाची.

ही यादी बनवायला आपल्याकडे न्यूयॉर्कपेक्षा चांगलं साधन आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू आहे; शेतकरी स्वतःच्या बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि नोंद सातबाऱ्यावर जाते. पालेभाजीसारखी महिना-दीड महिन्याची पिकं त्यात नीट पकडली जात नाहीत, तेवढ्यापुरती शेतावर चक्कर लागेल. पण डाळिंब, कांदा, आंबा, टोमॅटो, वांगी यांच्या बाबतीत गटाने नोंदीची प्रत दिली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम अवघड आहे ते माणसांमुळे. न्यूयॉर्कमध्ये तपासणारी संस्था स्वतः भाजी विकत नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बाजार भरवणारी कंपनी आणि सर्वात मोठे गाळे लावणारी कंपनी एकच असते. तिच्याच टेबलावर किवी सापडली तर दंडाची पावती फाडायची कोणी, हे बाजाराच्या पहिल्या बैठकीत, जागेच्याही आधी, लिहून घ्यायला हवं. नगरपालिका जागा देते, तेव्हा पावतीपुस्तक तिच्या माणसाकडे असावं असं माझं मत आहे. वॉर्ड ऑफिसातल्या माणसाला शनिवारची ड्युटी नको असते, हे मला माहीत आहे. मग त्याचा भत्ता गाळ्याच्या शुल्कातून काढावा लागेल, आणि शुल्क ठरवताना तो धरावा लागेल.